थैलीत भेंडी होती

११ ऑगस्ट १९६०, गुरु.
पेपरात बातमी: दक्षिणेतली एक बँक बंद, ठेवीदार दारात. शाळेतल्या नोकरीचा माझा सगळा फंड खामगावच्याच एका लहान बँकेत आहे. सरकारी रोख्यांपेक्षा व्याज जास्त, म्हणून. त्यातून हे भाड्याचे घर विकत घ्यायचे आहे, खरेदीखत दिवाळीनंतर. जास्त व्याज कुणी हौसेने देत नाही, हे मॅनेजरनेच तेव्हा सांगायला हवे होते.

१२, शुक्र.
बाजारातून तशीच बँकेत. मॅनेजर म्हणाले, पैसे सुरक्षित आहेत. कुठे? काही कापसाच्या जिनवाल्यांकडे, कर्जाऊ. काही रोख्यांत, घाईने विकले तर भाव पडून मिळतो.
“सगळे एकदम मागायला आले तर?”
“सगळे एकदम कशाला येतील, बाई?”
मी तिथे तासभर बसले.
संध्याकाळी शेजारची शांता, दूध घालणारी. “बाई, बँकेतले समदे पैसे काढले म्हन्तात तुमी?” नाही म्हटले. “मंग थैली काऊन नेली?” थैलीत भेंडी होती. तिला पटले नाही.

१३, शनि.
बँकेसमोर रांग. पुढे शांता, मागच्यांना सांगत होती, “बाई कान्वेंटात शिकेल हाय, इंग्रजी पेपर वाचते. तिले ठाऊक असन.” शनिवार, म्हणून दार लवकर लागले. नियमच तो. गावाने अर्थ वेगळा घेतला.

१५, सोम.
काल रविवार, आज झेंडावंदन. बँकेला सुट्टी, अफवेला नाही. मॅनेजर घरी आले. उद्या सर्वांसमोर थोडे पैसे भरा, म्हणे, लोक शांत होतील. म्हटले, जाहिरात करायची तर पगार द्या. हसले नाहीत. “आणि तुम्हीच काढलेत तर मात्र...”
चहा विचारला नाही.

१६, मंगळ.
ठेवीची पावती घेऊन मी बँकेत गेले. “बाई, तुमी पुढं व्हा,” म्हणत लोक सरकले. मी शेवटी उभी राहिले. बाईला घाई नाही, असे म्हणून दोघे घरी गेले. बाई रांगेत आहे, हे पाहून चौघे मागे येऊन लागले.
शांताला पैसे पूर्ण मिळाले. पदराला गाठ मारून माझ्यापाशी आली. “आता घरात ठिऊ कोठी, सांगा.”
माझ्या आधी तिघे असताना खिडकी लागली. मॅनेजर बाहेर आले. “बाई, उद्या तुमचं काय?”
“उद्या तिजोरीत किती असेल, ते आधी सांगा.”
रोखे विकायला काढलेत, रक्कम येते आहे, म्हणाले. कधी, ते बोलले नाहीत.
पावती कपाटात ठेवली नाही. टेबलावरच आहे.