दशांशानंतरचा सात

३ फेब्रुवारी
हे रविवारी लायब्ररीवाल्या बाईंकडे राहायला गेले. तात्पुरते. पुरावा : कॅल्क्युलेटर इथेच आहे. जन्मभर गणित शिकवलेला माणूस त्याच्याशिवाय किती दिवस काढणार?
संकल्प : आपणहून फोन नाही. रडणं नाही. पलंगाच्या मधोमध झोपायचं.

४ फेब्रुवारी
कडेलाच झोपले. सवय.

५ फेब्रुवारी
कॅल्क्युलेटरमध्ये नवे सेल घातले. लग्नानंतर यांनी त्यावर एक गंमत दाखवली होती. ९ घ्यायचे, साइन, कॉस, टॅन, मग तीच वाट उलटी चालायची. परत ९ यायला हवेत. येतात ९.०००००७. मशीन प्रत्येक पावलाला शेवटचे आकडे कापतं, म्हणून. मी सातावर अडून बसले, तर हसून म्हणाले, "अगं, एवढं लांब जाऊन आल्यावर तेवढं चालतं."
मलाही चालेल.

६ फेब्रुवारी
करून पाहिलं. ०.४२! बिघडलाच. फोन करणं भाग होतं. कामाचा फोन संकल्पात धरत नाहीत. म्हणाले, "डिग्री मोडवर आहे का बघ." एवढंच. मागून कुणीतरी विचारलं, साखर किती घालू? यांना साखर बंद आहे. त्या बाईंना कळवायला हवं.

७ फेब्रुवारी
रेडियनवर होता. बदलला. ९.०००००७! लेकीला सांगितलं, बघ, गेलेलं परत येतं, फरक अगदी नखाएवढा. ती म्हणाली, "आई, ते मशीन आहे गं." हिला गणितात कायम काठावरचे मार्क.

१२ फेब्रुवारी
सात फारच खुपतो, एकदा येऊन बघा, असा लेकीकरवी निरोप धाडला होता. उद्या येतायत! चादर बदलली. केस धुतले. संकल्प : जाब विचारायचा नाही.

१३ फेब्रुवारी
आले. स्वतःच्या घराची बेल वाजवली. दोन-तीन बटणं दाबून म्हणाले, "आता दोनच स्थळं दाखवेल." ९.००. विचारलं, सात गेला? "गेला नाही. आत आहे. दिसणार नाही, इतकंच."
मग स्वेटर भरले. कॅल्क्युलेटर पुढे केला, तर म्हणाले, "राहू दे तुला. माझं मोबाइलवर भागतं."
ते गेल्यावर टेबलावर घराची किल्ली दिसली, सुटीच, रिंगशिवाय. विसरले बिचारे. लगेच लेकीला फोन केला, म्हटलं, न्यायला येतीलच. ती हळूच म्हणाली, "आई, रिंगमधून किल्ली काढताना नख मोडतं. विसरून नाही निघत ती."