दोन्ही चाकं एकदम उघडली त्याची हकिकत

आदरणीय काकांना,

वाकून नमस्कार. (हा माझ्या एकटीचा. बाबांचा यात धरू नये. आमचं बोलणं बंद आहे.) तुमचा गुडघा कसा आहे? काकू अजून जिना चढू देत नसतील, आणि बरोबरच आहे. इकडे सगळ्यांची तब्येत चांगली आहे, गाडी सोडून.

फोनच केला असता, पण मी बोलायला लागले की तुमचे थोरले बंधू शेजारी बसून माझी वाक्यं दुरुस्त करतात. म्हणून शेजारच्या शिंपीणबाईंबरोबर हे पत्र. ठरलं असं होतं, की गाडीचे मागचे ब्रेक घरीच बदलायचे आणि ते नीट बसले, की सोमवारपासून गाडी मी कामावर न्यायची. बाबांनी हे आईसमोर कबूल केलं होतं. आता घरातलं काम समान वाटून घ्यावं, हे म्हणण्यात माझं काय चुकलं? उजवं चाक मी घेतलं, डावं बाबांनी. दोघांनी एकाच वेळी ब्रेकवरचे ड्रम काढले, एकाच वेळी आतले झिजलेले ब्रेक-शू सोडवले आणि सगळ्या स्प्रिंगा एकाच परातीत टाकल्या (परात बाबांनी आणली, हे लक्षात असू द्या). नवे शू लावायला बसलो तेव्हा कळेना, कुठली स्प्रिंग कुठे होती. मी बाबांचं चाक बघायला गाडीला वळसा घालून निघाले, ते माझं बघायला निघाले, आणि डिकीपाशी आम्ही समोरासमोर आलो. नमुना म्हणून एक बाजू न उघडता ठेवायची असते, हे दोघांनाही तिथेच कळलं.

आईला आधी ब्रेकचा फोटो काढायला सांगितला होता. तिने काढलाय. बाबा पाना उगारून हसताहेत आणि ब्रेक त्यांच्या पोटामागे आहे. "फोटो माणसांचे काढतात," ती म्हणाली, "लोखंडाचा कोण बघणार?"

तेव्हापासून बाबा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, "आमच्याकडे पदवी आली आणि ब्रेक गेले." पदवीचा इथे काय संबंध? त्यांच्या पकडीतून उडालेली स्प्रिंग मी कुंडीतून शोधून दिली, तिचं नावही नाही. चूक दोघांची आणि गाडीची किल्ली मात्र त्यांच्या एकट्याच्या खिशात, हा कुठला न्याय? तुम्ही त्रयस्थपणे निवाडा द्यावा, एवढंच मागणं.

तुमची पुतणी
(घरातली पहिली पदवीधर, हे आता आमच्याकडे टोमणा म्हणून वापरतात)

ता. क. निवाडा द्यायला रविवारी स्वतःच यावं, आणि गाडीनेच यावं. तुमची गाडी अगदी आमच्या गाडीसारखीच आहे. तिचं मागचं एक चाक उघडून नुसतं बघायचंय.

आणखी एक ता. क. बाबांनी पत्र वाचलं. त्यांचं म्हणणं, रविवारी आमचे ब्रेक बसले नाहीत तर सोमवारी मी तुमची गाडी कामावर न्यावी. या आठवड्यात आमचं एकमत झालेली ही पहिलीच गोष्ट. तुमच्या परतीच्या बसची चौकशी मी करून ठेवली आहे.