शेवटच्या कडव्याची चाल

गुरुजी, या आठवड्यात मी तुमची चाल एका यंत्राला शोधायला लावली. हसाल तुम्ही. मुलगा कंपनीत लागल्यापासून आम्ही कारेगावात राहतो. घरात कॉम्प्युटर आलाय, आता त्याला इंटरनेटही आहे. सुनेने त्यावर गाण्यांची एक जागा उघडून दिली. आपल्या आवडीचं एक गाणं सांगायचं, की तसलीच दुसरी ती आपण होऊन लावत जाते. मी एक जुनं भावगीत सांगितलं. नदीच्या कवितेला तुम्ही लावलेल्या चालीची त्याला जरा झाक आहे. वाटलं, ऐकता ऐकता कुठंतरी शेवटचं कडवं भेटेल. पहिली तीन मला येतात. चौथ्याला तुम्ही चाल बदलायचात, आवाज खाली न्यायचात, आणि नेमकं तेच गेलंय.

दुसऱ्या दिवशी मधेच वरातीतलं एक गाणं लागलं. संपेपर्यंत बसलो. मग तसलीच सात-आठ लागली, तीही ऐकली. सून पिठाचे हात घेऊन बाहेर आली. "आबा, आज कुणाची वरात?"

"मी कुठं लावलंय? तेच लावतंय."

"आवडलं नसंल तर पुढं ढकला की! तुम्ही पुरतं ऐकताय, म्हंजी त्याला वाटतंय आबांना हेच पायजे."

"अगं, माणूस गातोय आन् मधीच तोडायचं?"

"तो काय समोर बसलाय व्हय!"

तिला काय सांगू? शिरूरच्या शाळेत मी चौथीच्या वर्गात आहे. घंटा होते, मी दप्तर उचलतो, आणि तुम्ही गाता गाताच बोट दाखवून मला बसवता. कविता संपल्यावर म्हणता, "घंटा शिपायाची हाय, कविता आपली. सुरू झालेलं गाणं टाकून उठू नये रे." तेव्हापासून कुणाचंच गाणं मी अर्ध्यात सोडलं नाही. एकदाच सोडलं.

दौंडला, तुमच्या लेकीच्या घरी. तुम्ही खाटेवर उशीला टेकून बसलात आणि म्हणालात, "म्हण बरं माझ्यासंगं." तीन कडवी झाली. मी उठलो. "गुरुजी, शिरूरची गाडी सुटंल." तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात. म्हणालात, "जा बाबा. पुन्हा ये." महिन्याच्या आत तुम्ही गेलात.

आज सुनेने मी ऐकलेल्याची यंत्रातली सगळी नोंद पुसून पुन्हा पहिल्यापासून लावून दिलं. चांगली गाणी लागतायत. तुमची चाल त्यात नाही, असणार तरी कशी? ती फक्त वर्गात होती. हा कागद कुठं पाठवायचा नाही, म्हणून लिहितो: त्या दिवशी गाडीला तासभर अवकाश होता. तिसऱ्या कडव्यातच तुमचा आवाज फाटला होता, आणि चौथं तुम्हाला पेलणार नाही, हे मला समोर बसून बघवलं नसतं. मी स्टँडवरच्या बाकावर बसून राहिलो, दोन गाड्या सोडल्या.