काकडीवाली आणि मी

३ मार्च, दुपारी २
जेवण झालं की विनया इयरफोन घालून आडवी होते. बायको एवढं काय ऐकते म्हणून एक इयरफोन माझ्या कानात घातला. कोणी बाई काकडी चावत होती. मचमच. मग लाळ गिळल्याचा आवाज. शी.

लेकीला फोन. विनिता म्हणाली, बाबा, याला एएसएमआर म्हणतात, लोकांना यानं शांत वाटतं. इथे चंदनसारला घरात बसून परक्या बाईची लाळ ऐकायची आणि शांत व्हायचं. धन्य आहे.

४ मार्च
विनयाला प्रेमाने समजावलं. पाऊण तास. मध्येच तिने दुसरा इयरफोनही घातला.

५ मार्च
विनिता म्हणते, कानाजवळ हळू आवाजात सांगितलेल्या गोष्टीही मिळतात, जणू कोणी फक्त आपल्याशीच बोलतंय. आता कसं! तिकडे नुसती किळस, इकडे शब्द, भावना, माणूस. शिवाय माझा आवाज सोसायटीत नावाजलेला. टँकर आल्याचं माइकवरून मीच सांगतो. आठ दिवसांत काकडीवाली हद्दपार.

७ मार्च
कपाटात डोकं घालून रेकॉर्डिंग केलं. विषय: माणिकपूरला आमची पहिली भेट. ऐकून पाहिलं तर माझ्याही तोंडाचा चपचप आवाज. ओंगळ. फोनचा माइक खराब आहे.

८ मार्च
फाइल पाठवली. पहिलं वाक्य ऐकताच विनया बादल्या भरायला उठली.

९ मार्च
पुन्हा रेकॉर्डिंग. एक्केचाळीस मिनिटं कुजबुजलो. तिच्या चुकाही हळुवारपणे घातल्या. घसा पार बसला. रात्री फाइल पाठवली.

१२ मार्च
विनया स्वतःहून म्हणाली, तुमची फाइल रोज ऐकते. काकडी बंद. विनिताला कळवलं. दुसरा भाग लिहायला घेतला.

१३ मार्च, दुपारी ३
विनयाचा फोन पाहिला. फाइल सेहेचाळीस मिनिटांची. ती एक्केचाळिसाव्या मिनिटापासून लावते. तिथे माझी गोष्ट संपते. त्या दिवशी मी रेकॉर्डिंग बंद न करताच फोन खिशात टाकला होता. पुढे काय आहे? पंखा. घसा बसला म्हणून मी तिच्या शेजारी गप्प बसून वालाची बिरडी सोलतोय, ते. सालं ताटात पडतात. बस. पाच मिनिटं कोणी बोलत नाही.

यात ऐकण्यासारखं काय आहे, विचारलं. म्हणाली, तुम्ही जवळ बसलाय असं वाटतं. म्हटलं, रिटायर झाल्यापासून मी घरातच तर असतो. म्हणाली, म्हणूनच ऐकावं लागतं.

यावर माझ्याकडे सात मुद्दे आहेत. ऐकायला कोणी नाही.