सासूबाईंचं बीपी

आई, आज पालमला एका दवाखान्याची तपासणी करून आले आणि आल्यापासून तुझ्याशी बोलावंसं वाटतंय. तू गेलीस त्याला सहा वर्षं झाली. माझं काम अजून तेच आहे. जिल्ह्यातल्या दवाखान्यांत जायचं, तिथे रुग्णांची नीट काळजी घेतात की नाही ते बघायचं, छापील तक्त्यात हो किंवा नाही अशी खूण करायची आणि खाली सही ठोकायची. हे काम मला लागलं तेव्हा तू हसली होतीस. "म्हंजे आता तू आमच्या चुका काढणार म्हण की," असं म्हणालीस आणि मी चिडले. आता वाटतं, चुका काढायला तूच हवी होतीस, जीपमध्ये पुढच्या सीटवर, डोक्यावरून पदर घेऊन बसलेली.

सेलूच्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात तू तेवीस वर्षं काम केलंस. नर्सचं शिक्षण नव्हतं, तरी बायका तुला सिस्टर म्हणायच्या आणि तू ते कधी दुरुस्त केलं नाहीस. शाळा सुटली की मी तिथेच यायचे. वजनकाट्याशेजारच्या बाकावर दप्तर टाकायचं आणि शेवटचा पेशंट जाईपर्यंत गृहपाठ करत बसायचं. तुझ्या हातांना स्पिरिटचा वास असायचा, भाकरी थापतानासुद्धा. भाकरीचा वास असाच असतो, असं मला कितीतरी वर्षं वाटत होतं. त्यातला एक दिवस मला लख्ख आठवतो. खेड्यातून एक सासू नव्या सुनेला घेऊन आलेली आहे. डॉक्टरीणबाई सुनेला विचारतात, काय होतंय, आणि सासू सांगते, "भूक लागंना तिला, बाकी काई न्हाई. टॉनिक द्या एखादं चांगलं." त्या पुन्हा विचारतात, पुन्हा सासूच बोलते. सून नुसती आपल्या जोडव्यांकडे बघते आहे. मग तू आत जातेस आणि फार काळजीच्या आवाजात सासूला म्हणतेस, "मावशी, तुमचाच चेहरा लय उतरलाय. जरा बीपी बघू द्या बरं, या बाहेर." सासू लगेच उठते, माझ्या शेजारी येऊन बसते, बाही वर करते. तू पट्टा गुंडाळतेस, फुगा दाबतेस, पारा चढतो, उतरतो. "थोडं जास्त दाखवायलंय. पाच मिनटं शांत बसा, परत बघू." परत बघतेस. मग दुसऱ्या हाताचं. तोवर सासूचं गुडघ्यांपासून झोपेपर्यंत सगळं सांगून झालेलं असतं आणि आपली एवढी विचारपूस झाली म्हणून ती खूश असते. आत पडद्यामागे सून रडत होती आणि बोलत होती. त्या तेवीस वर्षांत सेलू तालुक्यातल्या सासवांचं बीपी जितक्या वेळा तपासलं गेलं असेल, तितकं साऱ्या मराठवाड्यात कुणाचं तपासलं गेलं नसेल.

मी मात्र त्या दिवशी बाकावरून उठून पडद्याकडे सरकले होते. तू हातातला फुगा न सोडता माझ्याकडे असं बघितलंस, की मी जागच्या जागी बसले. घरी आल्यावर स्वयंपाकघरात माझी हजेरी घेतलीस. "ती डॉक्टरीणबाईला सांगायली होती, तुला न्हाई. ज्याचं दुखायलंय त्यानं बोलायचं, ज्याला इचारायचंय त्यानं इचारायचं. बाकीच्यांनी मधून सरकायचं, कळलं का?" मारलं नाहीस. पण रोज तव्यावरची पहिली भाकरी तू माझ्या हातात द्यायचीस, ती त्या दिवशी गुपचूप ताटात ठेवलीस. मला ते मारापेक्षा जास्त लागलं.

आजचा दवाखाना तसा चांगला होता. लादी स्वच्छ, हात धुवायला साबण, कचऱ्याचे वेगवेगळ्या रंगांचे डबे, भिंतीवर रुग्णांच्या हक्कांची पाटी. डॉक्टर जेमतेम तिशीची मुलगी, माझ्या पेनाकडे चोरून बघणारी. माझ्या तक्त्यात एक ओळ आहे, तपासणीच्या जागी पडदा आहे का. पडदा होता, निळा, इस्त्री केलेला. मी 'हो'वर खूण केली. तेवढ्यात एक जोडपं आलं. डॉक्टरने बाईला विचारलं आणि नवऱ्याने सुरुवात केली. "ॲसिडिटी हाय हिला. येळेवर जेवतच न्हाई, कितींदा सांगावं मॅडम." डॉक्टर गोळ्यांची नावं लिहायलाही लागली. तपासणाऱ्याने फक्त बघायचं, मध्ये तोंड घालायचं नाही, असा आमचा दंडक आहे. पण आई, माझ्या तोंडून निघूनच गेलं, "दादा, जरा बाहेर येता का? दवाखान्याबद्दल तुमचं मत लिहून घ्यायचंय." सरकार आपलं मत विचारतंय म्हटल्यावर तो शर्ट सारखा करत बाहेर आला. तक्त्यात नातेवाइकांसाठी चार प्रश्न आहेत, मी त्याला चौदा विचारले. पाण्याची सोय, पंखा, बसायची जागा, एसटी स्टँड किती लांब. आता काय विचारावं या विचारात होते, तोच डॉक्टरने पडद्याआडून डोकं काढलं. "मॅडम, तुमचं झालं का? नसंल झालं तर चालू द्या, मला वेळ लागायलाय." मी त्याला पंधरावा प्रश्न विचारला. आत ती बाई काय बोलली ते मला माहीत नाही आणि मी कुणाला विचारलंही नाही.

परत येताना मला फार आनंद झाला होता, आपण आईची लेक शोभलो म्हणून. तो आनंद गंगाखेडपर्यंत टिकला. मग जे मी सहा वर्षं कुणालाच सांगितलं नव्हतं ते आठवलं. तू माझ्याकडे परभणीला राहायला आली होतीस, तुझं पोट दुखायचं, जेवण तुटलं होतं, म्हणून मी तुला मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. फाइल माझ्या हातात, कागद तारखेप्रमाणे लावलेले. ते तुला म्हणाले, "काय त्रास होतोय, आजी?" आणि मीच सांगायला लागले. केव्हापासून दुखतं, किती दुखतं, कुठल्या गोळ्या झाल्या, सगळं. तू दोनदा म्हणालीस, "साहेब, मला..." आणि दोन्ही वेळा मी म्हटलं, "आई, थांब, मी सांगतेय ना." तिसऱ्यांदा तू तोंड उघडलं नाहीस. इतकी व्यवस्थित माहिती कुणी देत नाही, असं म्हणून डॉक्टरांनी माझं कौतुक केलं. माझं बीपी बघायला तिथे कुणी नव्हतं. घरी जाताना रिक्षात मी तुला विचारलं, काय सांगायचं होतं गं? तू म्हणालीस, "काई न्हाई, तू सांगितलंस की समदं." पुढच्या दोन महिन्यांत तू गेलीस.

मला तुझी फार आठवण येते. तुझ्या आवाजाची येते, रागावण्याची येते, आणि सगळ्यात जास्त त्या न ऐकलेल्या वाक्याची येते. "साहेब, मला" याच्या पुढे काय होतं? दुखतंय दुसरीकडेच, असं होतं का? औषध नको, सेलूला जाऊ द्या, असं होतं का? भीती वाटते, असं असेल का? तू कधी भीती वाटते म्हणाली नाहीस, पण तसं तुला कुणी विचारलंही नव्हतं. जिल्ह्यातल्या इतक्या दवाखान्यांत मी फिरते, कुठल्याही बाकावर तुझ्या वयाची बाई दिसली की पाय थांबतात. तिला विचारावं वाटतं, आणि ती सांगेल ते तुझं नसेल म्हणून मी पुढे जाते.

उद्या अहवाल द्यायचाय. हे पत्र कुठेच द्यायचं नाही, तेव्हा यात तरी खोटं नको. रिक्षात मी तुला काही विचारलं नव्हतं. ते उत्तर मीच तुझ्या तोंडी घातलंय, इतकी वर्षं घोकून घोकून मला ते खरं वाटायला लागलं होतं. मी घरापर्यंत फोनवर होते, कुठल्या तरी दवाखान्याच्या अहवालाबद्दल बोलत. मध्येच तू माझ्या दंडावर हात ठेवलास. मी फोन कानाला तसाच धरून, तुझ्याकडे न बघता, हातानेच तुला थांब म्हटलं, आणि तू थांबलीस.