बारा सेकंदांची सरळ रेघ

महानगर, लखनऊ
१४ ऑक्टोबर १९८४

ती. स्व. वसुधाताई,

लखनऊहून वाकता येईल तितकं वाकून राजारामचा नमस्कार. तुझे गुडघे काय म्हणतात? इकडं सगळं ठीक आहे. (जे नाही ते पुढं लिहितो.)

चित्राला एकोणिसावं सरलं. जन्मापासून तिचा खालचा जबडा लहान, कान अर्धवट, ऐकायला यंत्र, हे तुला ठाऊकच आहे. पन्नास हजारांत एखाद्याला होणारा आनुवंशिक आजार. बाकी कशात कमी नाही, बोलण्यात तर तुझ्यावरच गेली आहे. ती लहानपणापासून घोरते आणि आपण सगळे पोरीला काय गाढ झोप लागते म्हणून कौतुक करत आलो. (तू एकदा दृष्टही काढली होतीस.) पण यंदा बी.ए.च्या पेपरात ती उत्तरपत्रिकेवर डोकं टेकून झोपली, तेव्हा शुभदानं तिला डॉक्टरांकडं नेलं. ते म्हणाले, घोरते तेव्हा ही झोपत नाही, श्वासासाठी झगडते. जबडा लहान, त्यामुळं जीभ मागं पडून वाट बंद होते. श्वास अर्ध्या मिनिटाच्या वर थांबत असेल तर गळ्याला भोक पाडून नळी बसवावी लागेल. झोप मोजायचं यंत्र त्यांनीही फक्त पुस्तकात पाहिलं आहे, तेव्हा घरीच मोजा म्हणाले.

मोजा म्हटल्यावर मला हुरूप आला. बावीस वर्षं संस्थेत उंदरांचे श्वास मोजतोय, मुलीचे मोजायला काय अवघड? प्रयोगशाळेतलं स्टॉपवॉच आणलं, आलेखाचे कागद आणले, शुभदाला बाहेर बसवलं (आईच ती, हळवी आहे, निरीक्षण बिघडतं) आणि तीन रविवार दुपारी जेवणं झाल्यावर चित्राच्या खाटेशी बसलो. निकाल काय सांगू! एकसष्ट वेळा श्वास थांबला, आणि प्रत्येक वेळी बरोबर बारा सेकंद. आलेखावर सरळ रेघ. उंदरांनी मला इतका स्वच्छ निकाल कधी दिलेला नाही. शाईनं गिरवून डॉक्टरांकडं घेऊन गेलो.

त्यांनी कागद बघून विचारलं, "भाई साहब, बारहवें सेकंड पर होता क्या है?" मी म्हटलं, मैं हिला देता हूँ. (ऐकायचं यंत्र काढून झोपते ना, हाक मारून उपयोग नाही.) "तो यह आपका नाप हुआ, बिटिया का नहीं." शुभदा रिक्षात बसल्यावर हसली आणि इथल्या कपूरथला चौकापासून घरापर्यंत रडली.

चौथ्या रविवारी मी हात पाठीमागं घेऊन टॉवेलनं बांधवून घेतले. (शुभदाची गाठ, तिला गाठ मारता येत नाही हे त्या दिवशी कळलं.) पुन्हा बारा. ताई, तेराव्या सेकंदाची मला भीती वाटते.

असो. हवा छान आहे, पेरू यायला लागलेत. घरातल्या थोरामोठ्यांना नमस्कार, लहानांना काय लागतील ते आशीर्वाद.

तुझा
राजाराम

ता. क. : परीक्षेत पर्यवेक्षक असताना पोरींच्या रडण्याला न जुमानता घंटेला पेपर काढून घेणारी तू. तसं कुणीतरी खाटेशी हवं. ये. चारबाग स्टेशनवर घ्यायला येतो.

ता. क. २ : आत्या, पाकीट डकवायला माझ्याकडं आलं म्हणून वाचलं. मोजणीत काहीही निघो, ऑपरेशनला मी हाँ म्हटलं आहे. एकदा तरी पोटभर झोपायचं आहे. तू मात्र ये. नळी बसल्यावर मी शांत झोपेन, आवाजसुद्धा येणार नाही, आणि तेवढ्यानंच बाबा घाबरतील. त्या दिवशी त्यांच्याजवळ बसायला तू हवीस. – चित्रा