फलश्रुती नसलेलं स्तोत्र

वर्तकनगर, ठाणे
बुधवार, दुपार

ती. मंदाकिनीताईस मधूचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुझे गुडघे बरे असावेत आणि कोपरला पाणी वेळेवर येत असावं. माझा रक्तदाब चढलाय आणि त्याला तू जबाबदार आहेस. (फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मी ओरडलो की शेजारी दार वाजवतात, म्हणून पत्र.)

समोरचा प्रभाकर तुला माहीत आहे. नगरकडचा ख्रिस्ती, पस्तीस वर्षांचा शेजार, दर दिवाळीला आपल्या चकल्यांना नावं ठेवत डबा रिकामा करणारा. दवाखान्याने हात टेकून त्याला घरी पाठवलं, तेव्हा तो म्हणाला, बायबलातलं तेविसावं स्तोत्र वाचून दाखव. मी तुला विचारलं. तू म्हणालीस, स्तोत्र कुठलंही असो, रोज एकवीस आवर्तनं, एक्केचाळीस दिवस, गुण येतोच! मी रोज दुपारी चारला आंघोळ करून, कांदा-लसूण सोडून (प्रभाकर समोर मटणाचा रस्सा पीत असताना) सगळं केलं. काल एक्केचाळीस दिवस भरले. प्रभाकर परवापासून बोलतसुद्धा नाही.

फलश्रुती म्हणायची राहिली असेल म्हणून शोधली, तर ती नाहीच! विद्यार्थ्याला विद्या नाही, रोग्याला आरोग्य नाही, काही नाही. पुस्तक असं आपटलं की चष्म्याची काच फुटली. तसाच त्याच्या चर्चच्या पास्टरांकडे गेलो आणि त्यांना झापलं. परमेश्वर मेंढपाळ आहे ना, मग मेंढरू मरणाच्या दरीत गेलंच कसं? आणि शत्रूंच्या देखत ताट वाढतो म्हणे. माणसाला घास तरी गिळवेल का? एकशे एकविसाव्या स्तोत्रात डोंगराकडे डोळे लावायचे. इथे खिडकीतून येऊरचा डोंगर दिसायचा, आता टॉवर दिसतो. पास्टर शांतपणे म्हणाले, "काका, दरी टळेल असं त्यात कुठेच नाही. दरीत सोबत असेल, एवढंच आहे. आणि रागावलात ते बरंच झालं. तेराव्या स्तोत्रात तर देवालाच विचारलंय, किती दिवस मला विसरणार?" सोबत! एवढ्यासाठी मी कांदा सोडला?

तर ताई, आता मी वाचणार नाही. प्रभाकरचं पुस्तक आज परत करून येतो आणि रात्री कांद्याची भजी खातो.

तुझा,
मधू

ता.क. पुस्तक द्यायला गेलो, तर प्रभाकरची सुमती म्हणाली, आलाच आहात तर एकदाच म्हणा. आठशे एकसष्ट वेळा म्हटलेलं, म्हटलं चष्मा कशाला? सुरू केलं आणि दरीपाशी अडलो. पुढची, सोबतीची ओळ आठवेना, म्हणून तशीच सोडून ताटावर आलो. तेवढ्यात प्रभाकरने डोळे न उघडताच म्हटलं, "मध्या, दरीत मला एकट्यालाच सोडलंस की रे."

ता.ता.क. माझा जुना चष्मा तुझ्या देवघराच्या खणात आहे. हे पत्र घेऊन आलेली तुझी नात कादंबरी उद्या ऑफिसला ठाण्यात येईल, तिच्याबरोबर पाठव. चारच्या आत.